तिकडची उतरती रेघ

४ मे

ती. दादा,
सा. न. वि. वि.

झालं ते क्रमाने सांगते.

१. आपला देश आणि तू नोकरी करतोस तो देश, दोन्हींकडच्या गोठ्यांतून किती मिथेन हवेत जातो, याची वीस वर्षांची तुलना माझ्याकडून पूर्ण झाली.
२. दोन्ही रेघा बरीच वर्षं बरोबरीने चढल्या. तीन वर्षांपूर्वी तिकडची एकदम उतरली.
३. तिकडची जनावरं कमी झालेली नाहीत. चाराही तोच आहे.
४. साहेब खूश झाले. तिकडून शिकण्यासारखं आहे, असं अहवालाच्या पहिल्या पानावर लिही, म्हणाले.
५. मी अजून लिहिलेलं नाही.

तिकडे मोजणीसाठी जे थोडे गोठे निवडले आहेत, त्यात तुमचा आहे. तीन वर्षांपूर्वी तुम्ही काय बदललंत? शेण तेवढंच असेल, तर वायूही तेवढाच असायला हवा.

वहिनी आणि बाळ इथे माझ्याकडे ठीक आहेत. बाळाने माझा चष्मा तांदळाच्या डब्यात लपवला होता. वहिनीने तुझ्याकडे यायची तयारी सुरू केली आहे. निम्मं सामान मी परत काढून ठेवते.

तब्येतीबद्दल तू कधीच लिहीत नाहीस, तेही लिही.

तुझी,
धाकटी

११ मे

चि. फूटपट्टीस,
अनेक आशीर्वाद.

लोकांच्या बहिणी पत्रात आधी तब्येत विचारतात, आमची आधी शेण विचारते! असो. विचारलंस तर ऐक.

आमच्या गोठ्याच्या फरशीला फटी आहेत. शेण-मूत त्यातून खालच्या टाकीत पडतं आणि टाकीतला वायू नळ्यांतून छपराबाहेर जातो. पाहणीवाला वर चढून नळीच्या तोंडाशी यंत्र धरतो. तीन वर्षांपूर्वी मी आलो, तेव्हा मालक म्हणाले, तो यायच्या आधी नळ्यांत गोणपाटाचे बोळे कोंबत जा. आकडा खाली, मालकांना शाबासकी, मला नवं जाकीट. आजूबाजूचे सगळे तेच करतात गं, आम्हीच काही जगावेगळे नाही. पूर्वी तो गेला की बोळे काढायचो. आता तो न सांगता येतो, म्हणून राहूच देतो.

तुला वाटेल, भाऊ घाणीत राहतो. अजिबात नाही. पहिल्या वर्षी नाक धरून जेवायचो, आता वास म्हणून येत नाही. माझी खोली गोठ्याला लागूनच आहे, त्यामुळे ऊबही मिळते. सकाळी डोकं तेवढं जड असतं. दोन वासरं गेली बिचारी, गुरांचे डॉक्टर म्हणाले थंडीने. आमची तांबडी मात्र महाबिलंदर. शिंगाने दाराची कडी काढते आणि गारठ्यात बाहेर जाऊन उभी राहते. ओढली तरी आत येत नाही.

टाकी काठोकाठ भरली आहे. ३० तारखेला ढवळून उपसायची. तुझी वहिनी आणि बाळ २९ला पोचताहेत हे छान झालं, बाळाला ढवळायचं यंत्र अगदी जवळून दाखवीन.

हो, एक गंमत सांगायची राहिली. आमची तांबडी महाबिलंदर आहे. शिंगाने दाराची कडी काढते आणि गारठ्यात बाहेर जाऊन उभी राहते.

माया आहेच, तू फक्त जेवत जा.

तुझा,
दादा

१६ मे

ती. दादा,
सा. न.

हे पत्र तातडीच्या टपालाने पाठवते आहे. मालकांच्या फोनवर रोज प्रयत्न केला. तू कामात आहेस, एवढंच ते सांगतात.

रेघ उतरली कारण वायू हवेत गेलाच नाही. तो तुझ्या फरशीखाली आहे. त्यात फक्त मिथेन नाही, विषारी वायूही आहे. त्याचा वास आधी येतो. तो वाढला की नाक बधिर होतं आणि वास येईनासा होतो. शेण ढवळलं की आत अडकलेला वायू एकदम वर येतो.

वासरं थंडीने गेली असं मला वाटत नाही. शिवाय तांबडीची गोष्ट तू एकाच पत्रात दोनदा लिहिली आहेस, जवळजवळ त्याच शब्दांत. एकदा सांगितलेली गंमत तू परत सांगत नाहीस.

आजच त्या खोलीतून बाहेर नीघ आणि दुसरीकडे झोप. जनावरं मोकळ्यात बांध. दारं उघडी टाक. काडी ओढू नकोस, दिव्याच्या बटणाला हात लावू नकोस. बोळे स्वतः काढू नकोस, अग्निशमनवाल्यांना बोलाव. कोणी टाकीत पडलं तर मागोमाग उतरू नकोस. तू उतरशील हे मला माहीत आहे, म्हणून लिहिते आहे.

मी साहेबांना सांगितलं. एका गोठ्यावरून देशाचा आकडा बदलत नाही, म्हणाले. आजूबाजूचे सगळे तेच करतात, हे तुझं वाक्य मी त्यांना वाचून दाखवलं. तरीही अहवाल सोमवारी छापायला जातो आहे, माझं नाव काढून.

वहिनीला मी सगळं सांगितलेलं नाही. ती बाळाचे लोकरी कपडे घड्या घालून ठेवते आहे. तुझ्या हातचं उत्तर आल्याशिवाय मी दोघांना गाडीत बसू देणार नाही. ती भांडेल, भांडू दे.

माझ्यावर रागाव, पण २७ तारखेपर्यंत उत्तर दे.

तुझी,
धाकटी