इंग्रजीत बोललेलं धरायचं नाही

सोमवार, ३ फेब्रुवारी

अबोला आजही चालूच. वहिनी काउंटरच्या त्या टोकाला, मी या टोकाला, मध्ये खोल्यांच्या किल्ल्या.

टाकी रिकामी झाली, तर वहिनींनी ते वॉशिंग मशीनला सांगितलं. "कोणीतरी मोटार लावली असती तर बरं झालं असतं." मशीन काही बोललं नाही. मीच मोटार लावली.

भांडण कशावरून? लिहायलाही लाज वाटते. उशीवरून! तीन नंबरच्या पाहुण्याने जास्तीची उशी मागितली, मी दिली. मग म्हटलं, सगळ्याच खाटांवर दोन-दोन ठेवाव्यात. ठेवल्या. वहिनींनी काढल्या. मी पुन्हा ठेवल्या. शेवटी त्या पाहुण्यादेखत म्हणाल्या, "शिकलेली आहेस म्हणून लॉज तुझ्या एकटीचा झाला का गं?" मीही म्हटलं, "एका उशीवर लॉज चालवायचे दिवस गेले, वहिनी." बस्स. दोघींच्या तोंडाला कुलूप. जी आधी बोलेल ती हरली. असं कोणी ठरवलेलं नाही, पण दोघींना पक्कं माहीत आहे.

एवढ्यावर थांबलं असतं तरी चाललं असतं. पण वहिनींनी आपल्या नवऱ्याला, दादांना, सांगून टाकलंय — वरच्या चार खोल्या धाकट्यांच्या, खालच्या चार आपल्या, जिन्यात दार बसवा, स्वयंपाकघरही वेगळं करा. महिनाअखेरीला सुतार येणार, असं हे म्हणाले. कोणत्याही नवऱ्याने सांगावं तसं सांगितलं — पेपर वाचता वाचता.

एकोणीस वर्षं एका काउंटरवर बसतोय आम्ही जावा-जावा. दार बसलं की वर मी कोणाशी भांडू?

मंगळवार, ४ फेब्रुवारी

इंग्रजीच्या वर्गाचा पहिला दिवस. लॉजवर परदेशी पाहुणे वाढलेत म्हणून दोघींनी नाव घातलं होतं — भांडणाच्या आधी! वाटलं होतं, वहिनी येणार नाहीत. त्या माझ्याआधी जाऊन पहिल्या बाकावर बसलेल्या.

औषधांच्या दुकानावरची खोली. शिकवणारी मिस वहिनींच्या लेकीच्या वयाची. वर्गात आम्ही दोघी, एक न्हावी, एक निवृत्त बसड्रायव्हर. व्याकरण नाही म्हणे, फक्त रोजच्या बोलण्यातले वाक्यांचे साचे. एक साचा घ्यायचा, त्यात आपले शब्द भरायचे.

"तुम्ही दोघी एका घरातल्या ना? मग जोडी झालीच! रोज एकमेकींशी बोलायचं," मिस म्हणाली.

"नशीबवान आहात," न्हावी म्हणाला. "मला गिऱ्हाइकाच्या मानेशी बोलावं लागणार."

पहिला साचा विनंतीचा. वहिनी फळ्याकडे बघत म्हणाल्या, "कुड यू प्लीज ओपन द विंडो?" मी उठून मुकाट्याने खिडकी उघडली. "आधी उत्तर द्यायचं, मग उघडायचं!" मिस ओरडली. मग मी म्हटलं, "शुअर."

आता हा माझा मोठा प्रश्न. हे बोलणं झालं का? आणि झालं असेल तर आधी बोललं कोण? त्याच ना! पण मग मला आनंद का झाला नाही?

बुधवार, ५ फेब्रुवारी

निकाल लागला. वहिनी पुतणीला सांगत होत्या, पण आवाज मला ऐकू यावा एवढा. "ती शिकवणीची वाक्यं आहेत. इंग्रजीत बोललेलं धरायचं नाही."

पळवाट आहे, मला कळतं. कॉलेजात तर्कशास्त्राला बरे गुण होते मला. पण वॉशिंग मशीनमार्फत निरोप घेण्यापेक्षा पळवाट बरी.

रविवार, ९ फेब्रुवारी

घर सभ्यतेने नुसतं भरून वाहतंय!

"कुड यू प्लीज गिव्ह मी द की ऑफ रूम टू?"

"शुअर. हिअर यू आर."

"थँक यू सो मच."

"यू आर मोस्ट वेलकम."

एका किल्लीला एवढं! पूर्वी "दोनची टाक गं" म्हणायच्या आणि मी खरोखरच टाकायचे — इथून तिकडे, हवेतून.

हे म्हणाले, "तुम्ही दोघी विमानात नोकरीला लागलात का?"

अडचण एकच, साच्याबाहेरचं काही बोलता येत नाही. आज दूध वर आलं. माझी पाठ शेगडीकडे, वहिनी दारात, हातात छातीएवढा चादरींचा ढीग. ओरडायचं तर मराठीत ओरडावं लागणार, म्हणजे हार! "कुड यू प्लीज…" म्हणाल्या. थांबल्या. पुन्हा, "कुड यू प्लीज…" मी आपली त्यांच्याकडे बघत अदबीने उभी. "— मिल्क!" तोवर अर्धं दूध ओट्यावर.

दोघींनी मिळून पुसलं. मुकाट्याने. मला हसू येत होतं. त्यांनाही येत असावं — पाठ सारखी हलत होती. की रागाने हलत होती? पाठीवरून सांगता येत नाही.

मंगळवार, ११ फेब्रुवारी

आज आग्रहाचा साचा. "वुड यू लाइक सम टी?" — "नो, थँक यू." दोघींनाही हवा होता.

गुरुवार, १३ फेब्रुवारी

आज "यूज्ड टू". पूर्वी करायचो, आता करत नाही — अशा गोष्टींसाठी.

बसड्रायव्हर काका सुटलेच. "आय यूज्ड टू ड्राइव्ह बस. आय यूज्ड टू ब्लो हॉर्न. आय यूज्ड टू हॅव हेअर." न्हाव्याने त्यांच्या डोक्याकडे धंद्याच्या नजरेने बघून सुस्कारा सोडला. मिस हसून हसून खाली बसली.

मग वहिनींची पाळी. "आय यूज्ड टू ड्रिंक टी विथ माय सिस्टर-इन-लॉ."

"व्हेरी गुड! अँड नाऊ?"

"नाऊ," वहिनी म्हणाल्या, "आय ड्रिंक टी."

वर्ग हसला. मीही हसले, सगळे हसले म्हणून. मग वहीत खाली बघत बसले. साचा अगदी बरोबर भरला होता, चूक काढायला जागा नव्हती.

शुक्रवार, १४ फेब्रुवारी

सुतार जिन्याची मापं घेऊन गेला. दार वरच्या बाजूला उघडायचं की खालच्या, असं विचारत होता. यांना म्हटलं, दादांना विचारा. तर म्हणतात, "तूच वहिनींना विचार. इंग्रजीत." आणि पेपर तोंडासमोर. वाद माझा, घर चौघांचं, आणि या माणसाला चेष्टा सुचते!

मंगळवार, १८ फेब्रुवारी

तक्रारीचा साचा. एकाने पाहुणा व्हायचं, दुसऱ्याने मॅनेजर. वहिनी पाहुण्या झाल्या. पदर सावरून, ताठ उभ्या राहिल्या.

"आय ॲम अफ्रेड देअर इज अ प्रॉब्लेम विथ द पिलो."

फळ्यावर मॅनेजरचं उत्तर लिहिलेलं होतं, तेच वाचलं — "व्हॉट सीम्स टू बी द प्रॉब्लेम?" नेमकं काय बिनसलं? इतक्या दिवसांत हा प्रश्न मी त्यांना विचारला नव्हता. आज विचारला, तोही फळ्यावर होता म्हणून.

वहिनी साचा सोडून बोलायला लागल्या. एकेक शब्द जमिनीवर ठेवल्यासारखा. "पिलो इज गुड. टू पिलो, व्हेरी गुड. बट यू आस्क गेस्ट. यू नो आस्क मी."

"डिडन्ट आस्क मी," मिसने दुरुस्त केलं.

"डिडन्ट आस्क मी," वहिनी म्हणाल्या. माझ्याकडे बघून.

आणि मी काय म्हणावं? "वुई विल लुक इन्टू इट, मॅडम." फळ्यावरचं पुढचं वाक्य! जीभ झडली कशी नाही माझी.

बुधवार, १९ फेब्रुवारी

दिवसभर तेच डोक्यात. चादरी, अभ्रे, उशा — या घरात मी आले तेव्हापासून ते खातं वहिनींचं. कपाटाची किल्ली त्यांच्या कमरेला. मी पाहुण्याला विचारलं. उशीवाल्याला विचारलं, भाव काय म्हणून. धोब्यालाही विचारलं! वहिनींना तेवढं नाही. न विचारता केलं की समोरच्याला नको म्हणता येत नाही, असं काही मनात होतं का माझ्या? होतं. थोडं होतं.

एक गंमत वाटते. मराठीत त्यांनी अर्धा तास फैलावर घेतलं असतं, माझ्या माहेरापर्यंत जाऊन आल्या असत्या, आणि मी मुद्दा सोडून माहेराची बाजू लढवत बसले असते. इंग्रजीत माहेर येत नाही त्यांना. म्हणून मुद्द्याचंच बोलल्या.

मंगळवार, २५ फेब्रुवारी

माफीचा साचा आज येणार, हे पुस्तकात आधीच बघून ठेवलं होतं. वाक्य पाठ करून गेले. न अडखळता म्हटलं, "आय ॲम रिअली सॉरी दॅट आय डिडन्ट आस्क यू."

मिसने टाळ्या वाजवल्या. ड्रायव्हर काका म्हणाले, "काय सफाई आहे!" वहिनी म्हणाल्या, "दॅट्स ऑल राइट."

तरंगत घरी आले. चपला काढताना डोक्यात वीज चमकली — इंग्रजीत बोललेलं धरायचं नाही! मग माझी माफीही धरायची नाही. त्यांचं ऑल राइटही धरायचं नाही. तर्कशास्त्राने घात केला. आणि सुतार शुक्रवारी येतोय.

गुरुवार, २७ फेब्रुवारी

आता एकच वाट. मराठी.

"चुकलं माझं." दोन शब्द. कोणत्याही साच्याहून सोपे. सकाळपासून बाथरूममध्ये, गच्चीत, पाच नंबरच्या रिकाम्या खोलीत म्हणून बघितले. पाच नंबर रिकामी नव्हती. पाहुणा पांघरुणातून म्हणाला, "पार्डन?"

दुपारी वहिनी जिन्यात बसून अभ्र्यांच्या घड्या घालत होत्या. नेमकं तिथे, जिथे उद्या दार येणार. मी एक पायरी खाली उभी राहिले.

"वहिनी, तुम्हाला न विचारता उशा ठेवल्या मी. चुकलं माझं."

झालं. हरले. वाटलं होतं तेवढं लागलं नाही.

वहिनींनी घडी पुरी केली. वर न बघता म्हणाल्या, "कुड यू प्लीज से दॅट अगेन?"

मी पुन्हा म्हटलं.

"वन्स मोअर, प्लीज?"

तिसऱ्यांदा म्हटलं. अभ्रा तोंडाला लावून बसल्या होत्या. मग ढीग उचलून आत निघून गेल्या. मराठी शब्द एक नाही!

म्हणजे काय समजायचं?

शुक्रवार, २८ फेब्रुवारी

सुतार आला. चौकट, बिजागऱ्या, सगळं घेऊन. वहिनी जिन्यात आडव्या उभ्या.

"दार नको. त्या लाकडात उशांचं कपाट कर."

"केवढं करू?"

"ते हिला विचार. आणि ही काय सांगेल, ते मला विचार."

मग माझ्याकडे वळल्या आणि बांध फुटला! महिनाभराचं साठलेलं सगळं मराठीत. दूध, ओटा, "अदबीने बघत काय उभी राहतेस, डोळे आहेत की बटणं?", ते "लुक इन्टू इट, मॅडम" ("मॅडम म्हणतेस मला? मॅडम?"), शेवटी माहेर. सुताराने मध्येच तंबाखू मळून घेतली. मी नुसती ऐकत होते. इतकं बरं कधी वाटलं नव्हतं.

"चहा टाकू का, वहिनी?" मी विचारलं.

"आता एवढंही विचारत बसणार आहेस का? टाक की!"

शनिवार, १ मार्च

दार झालं नाही, तरी दादांनी आणि यांनी एकमेकांना "का" म्हणून विचारलं कसं नाही, याचं कोडं आज सुटलं. दोघे भाऊ एकमेकांशी बोलतच नाहीत! वरचा मजला कोणी घ्यायचा यावरून जुंपलेली. कधीपासून, ते दोघांपैकी एकही सांगेना. वहिनी क्षणभर माझ्या तोंडाकडे बघत राहिल्या, मग म्हणाल्या, "मिसला फोन लाव. विचार, मंगळवारी अजून दोघांची जागा आहे का."