कोपऱ्यातला गोल

बाबा,
चिगुसाचा वाकून नमस्कार. तुमच्याकडे बर्फ पडला का? झाडायला छपरावर चढू नका, गुडघे सांभाळा. आईला सांगा, लोणचं पोचलं. मी वेळेवर जेवते.

आपल्या कंपनीला पन्नास वर्षं झाली, म्हणून तिचा इतिहास छापतोय. तुमच्या मासिकावर उभी राहिलेली कंपनी आता सिनेमे अन् व्हिडिओ गेमही काढते. पहिल्याच पानावर तुमच्या वेळचा सगळ्यांचा फोटो आहे. त्या दिवशी तुम्ही पहिला अंक काढायला छापखान्यात होतात, म्हणून वरच्या कोपऱ्यात गोलात तुमचा चेहरा लावला होता ना? तो गोलच कापलाय!

हे पुस्तक बघणाऱ्या मोरिवाकीसाहेबांना विचारलं, तर म्हणतात, "अहो, गोल बघून लोकांना वाटतं, माणूस गेला. शुभकार्यात कशाला?"

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. म्हटलं, "माझे बाबा धडधाकट आहेत! आणि फोटोत खुर्च्यांवर बसलेल्या एकानंही त्या अंकाची एक ओळ तपासली नव्हती." साहेब चहा फुंकत बसले.

उद्या शेवटच्या पानासाठी आम्हा आताच्या सगळ्यांचा फोटो आहे. मी मुद्दाम छापखान्यात जाऊन बसणार. लावू देत मलाही गोलात. कापलंच, तर बापलेक एकाच केराच्या टोपलीत!

तुमचीच हट्टी,
चिगुसा