टाचेचा ठेका

हॅलिफॅक्स, २ ऑगस्ट १९८४

ती. आईस मोरॅगचा शि. सा. नमस्कार.

सोबत कॅसेट आहे. खाणीतल्या स्फोटात गेलेले बाबा आणि त्यांचे सोबती यांच्यासाठी लिहिलेली रचना पुरी झाली. व्हायोलिन माझं, साथीला आमचा छोटा वाद्यवृंद. शेवटी एकेक वाद्य थांबतं आणि काहीच उरत नाही. सप्टेंबरात, स्मृतिदिनी, ती आपल्या चर्चच्या हॉलमध्ये वाजवायची आहे. तूच आली नाहीस, तर माझ्या एवढ्या शिकण्याला काय अर्थ?

रागावलीस तरी लोभ ठेव.
तुझी मोरॅग

केप ब्रेटन, ११ ऑगस्ट

चि. मोरॅगला आईचे आशीर्वाद.

कॅसेट ऐकायला पेगीही आली होती. तिचा नील बाबांबरोबरच गेला. दोघी रडलो, चहा तसाच राहिला. मग पेगी म्हणाली, एफी, यात आपली माणसं नुसती मरतात गं. खरं आहे. तुझे बाबा मेले एकदाच, बाई. लग्नघरी व्हायोलिन वाजवताना मात्र अशी टाच आपटायचे की पेगीच्या स्वयंपाकघरातली जमिनीची फळी मोडली. तो माणूस कुठे आहे? पदवी घेतलीस आणि बापालाच विसरलीस? आणखी एक दफन आम्हाला नको. असंच वाजवणार असशील तर आम्ही येणार नाही.

जेवत जा.
तुझी हट्टी आई

हॅलिफॅक्स, २६ ऑगस्ट

ती. आईस सा. नमस्कार.

आधी चिडले, मग शेवट फाडून टाकला. आता शोकगीतानंतर बाबांची नाचाची धून येते आणि सगळे वादक टाचेनं ठेका धरतात. आमचे संचालक म्हणाले, हे सभागृहात शोभत नाही. मी म्हटलं, मग मलाही वगळा. आता तेच सर्वांत जोरात आपटतात, आणि ताल चुकतो तो त्यांचाच. पण स्मृतिदिनी नाचाची धून गावाला रुचेल का, या भीतीनं झोप लागत नाही. येशील ना?

तुझी, वाट पाहणारी मोरॅग

केप ब्रेटन, १७ सप्टेंबर

चि. मोरॅगला आशीर्वाद.

वाजवताना तुझे डोळे मिटलेले आणि सकाळी तुम्ही लगेच निघालात, म्हणून हॉलमध्ये काय झालं ते कळवते. शोकगीत संपेपर्यंत सगळे मांडीवर हात ठेवून होते. धून सुरू झाली तेव्हा अख्ख्या गावानं माझ्याकडे पाहिलं. मी टाच आपटली. मग पेगीनं. मग सगळी रांग. म्हातारा कॉलिन खुर्च्या सरकवायला लागला. स्फोटानंतर कधी न नाचलेली पेगी माझा हात धरून उठली. म्हणाली, आज पुरुष तू हो, तुझ्या लॉकीएवढी उंच आहेस. ज्या पोरांना बाप फक्त स्मारकाच्या दगडावरच्या नावानं ठाऊक, ती आमच्यामधून धावत होती.

दर वर्षी दुसऱ्या दिवशी छाती जड असते. आज टाचा दुखताहेत. गरम पाण्यात पाय सोडून हे लिहिते आहे.

तुझी नाचरी आई