बिशपला जुलाब दिला त्याची हकीकत

चि. पारातेने यास,

थोरल्या बहिणीचे अनेक आशीर्वाद. वेलिंग्टनच्या वाऱ्याने तुला अजून समुद्रात उडवून नेलं नसेल, मी विणलेले मोजे तू पायातच घालत असशील (गेल्या वेळी तू त्यात तंबाखू ठेवलेली मी पाहिली आहे) आणि दोन वेळा पोटभर जेवत असशील, असं धरून लिहिते. इकडे सगळं ठीक. ठीक म्हणजे सासरे माझ्याशी पुन्हा बोलायला लागले आहेत, इतपत ठीक.

आमच्या पोरीच्या, रिपेकाच्या, पोटातली गाठ काढल्याचं तुला तारेने कळवलंच होतं, पण तारेत काय मावतं? गाठ यकृतावर होती, कोंबडीच्या अंड्याएवढी, आत सगळं पाणी. गिस्बर्नच्या डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन विचारलं, घरात कुत्री आहेत का? मी म्हटलं, डॉक्टर, आमच्या घरात कुत्री नाहीत, कुत्र्यांच्या घरात आम्ही आहोत. ते हसले नाहीत. मग त्यांनी समजावून सांगितलं. आपण मेंढरू कापतो, कच्ची कलेजी आणि फुप्फुसं कुत्र्यांपुढे टाकतो. त्यातून कुत्र्याच्या पोटात जंत होतात. कुत्र्याला काही होत नाही, तो आपला खुशाल उड्या मारत असतो (खरी फसवणूक तीच). जंतांची अंडी त्याच्या विष्ठेतून बाहेर पडतात, अंगाच्या केसांना चिकटतात, पोर त्याला कुरवाळतं, त्याच हाताने पाव खातं आणि पोटात गेलेल्या अंड्याची अशी गाठ होते. घरी येताना बसमध्ये सबंध वाटभर मी माझ्या दोन्ही हातांकडे बघत बसले होते.

घरी पोचले आणि टोपी काढायच्या आधी हुकूम सोडले. आजपासून कुत्र्यांना कच्चं काही मिळणार नाही, सगळं उकळून. कुत्री घराबाहेर. जेवणाआधी सगळ्यांचे हात साबणाने धुतले जातील, आणि सगळ्यांचे म्हणजे मामंजींचेसुद्धा. आता तुला आमचे मामंजी ठाऊक आहेत. मेंढरू कापलं की गरम कलेजीचे तुकडे करून प्रत्येक कुत्र्याला नावाने हाक मारून भरवायचे, हा त्यांचा जन्माचा नेम. त्यातही बिशप (गळ्याखाली पांढरा पट्टा आणि चाल सावकाश, म्हणून हे नाव) म्हणजे अगदी घरातला. त्याने मेंढरामागे धावणं केव्हाच सोडलंय. तो चुलीपुढे झोपायचा आणि रताळी भाजली की जागा व्हायचा. मामंजी म्हणाले, माझ्या आजोबांची कुत्री हेच खात होती. मी म्हटलं, आणि तुमच्या आजोबांची बहीण भर तारुण्यात पोट फुगून गेली, तेव्हा सगळ्यांनी कुणीतरी करणी केली म्हणून शेजारच्या कुटुंबाला नावं ठेवली. हे मी बोलायला नको होतं. पण बोलले, आणि मामंजींनी माझ्याशी बोलणं टाकलं.

म्हणजे अगदीच टाकलं नाही. ते बिशपमार्फत बोलायला लागले. जेवताना उंबऱ्याबाहेर बसलेल्या बिशपकडे बघून म्हणायचे, आज मटणाला मीठ कमी पडलंय असं कुणीतरी कुणालातरी सांगावं. मीही बिशपला सांगायचे, ज्यांना मीठ हवं त्यांनी आधी हात धुऊन यावं. एवढी जबाबदारी या किनाऱ्यावरच्या दुसऱ्या कुठल्याही कुत्र्यावर नसेल. तुझे मेहुणे एरुएरा यांनी या वादात कुणाचीच बाजू घेतली नाही. आवाज चढले की ते उठून कुंपण दुरुस्त करायला जात. आता आमच्याएवढं भक्कम कुंपण तुला कुठेही बघायला मिळणार नाही.

मग सरकारी तपासणीचा दिवस आला. पुलाजवळच्या माळावर सगळ्यांनी आपापली कुत्री उपाशीपोटी आणायची, ती खुंट्यांना बांधायची, त्यांना जुलाबाचं औषध पाजायचं आणि जे बाहेर पडेल ते इन्स्पेक्टर लेडलॉ साहेब तपासणार. (लेडलॉ साहेब अतिशय सभ्य गृहस्थ. असलं काम करूनही टाय लावून येतात.) मामंजींनी कामाची कुत्री आणली, ओळीने बांधली, पण बिशप नाही. साहेबांनी विचारलं तर मामंजींनी टोपी काढून जड आवाजात सांगितलं की बिशप वारला. साहेबांनी बिचाऱ्यांनी दुःख व्यक्त केलं. मी बायकांबरोबर चहाच्या टेबलाशी होते, तिथून ऐकलं. हाच वारलेला बिशप न्याहारी मिळाली नाही म्हणून सकाळभर माझ्या पायात घुटमळत होता.

मी तडक घरी गेले. बिशप मामंजींच्या पलंगावर, घोंगडीखाली, फक्त शेपूट बाहेर. उठेना. ओढला तर आडवाच झाला. मग मी ढकलगाडी आणली, बिशपला उचलून तीत टाकला आणि पुलावरून सगळ्या गावासमोर ढकलत आणला. लेडलॉ साहेबांनी गाडीकडे पाहिलं, मग मामंजींकडे.

“हाच का तो वारलेला?”

“हा त्याचा भाऊ,” मामंजी म्हणाले.

औषध पाजलं. पण बिशपच्या जाड मानेवरून पट्टा निसटला आणि तो सरळ चहाच्या टेबलाखाली, पाद्रीबाईंच्या पायांशी जाऊन बसला, आणि तिथेच औषधाने आपलं काम केलं. पुढचं वर्णन करत नाही. लेडलॉ साहेब डबा आणि पत्र्याची पट्टी घेऊन टेबलाखाली शिरले आणि आतून एकेका बाईची माफी मागत राहिले. केक कुणी खाल्ला नाही.

जरा वेळाने साहेबांनी मामंजींना बोलावलं. काळ्या थाळीत धुऊन ठेवलं होतं, वर भिंग धरलं होतं. मामंजी वाकले. मीही बघितलं. पांढरे, तांदळाच्या कणीपेक्षा लहान, पण किती तरी. बाकी एकाही कुत्र्यात एवढे निघाले नव्हते. मामंजींनी विचारलं, हे एवढंसं? साहेब म्हणाले, हो, एवढंसंच. मामंजी सरळ झाले. मग माझ्याकडे वळले, बिशप मध्ये नव्हता.

“सूनबाई, रोज सकाळी पोरीचं तोंड चाटून तिला उठवायला मीच शिकवलं त्याला.”

पारातेने, माझ्याकडे तिखट उत्तरांचा साठा होता. अंथरुणात पडल्या पडल्या मी ती घोळवून ठेवली होती. त्यातलं एकही तोंडात आलं नाही. मी म्हटलं, मामंजी, आपल्यापैकी कुणालाच ठाऊक नव्हतं. चला, चहा घ्या. हात धुऊन.

आता बिशप बाहेर लाकडी घरात राहतो (कुंपणाचे खांब उरले होते), वेळेवर औषध घेतो आणि दुसऱ्या तपासणीत निर्मळ निघाला. मामंजी आतडी-काळीज स्वतः मोठ्या हंड्यात उकळतात. वास असा येतो की पाहुणे कमी झालेत. शेजारी मेंढरू कापलं की मामंजी तिकडे जाऊन हंडा उकळेपर्यंत उठत नाहीत आणि येणाऱ्या-जाणाऱ्याचे हात हुंगून बघतात. रिपेका शाळेत जायला लागली. ती पोटावरचा व्रण दाखवून पोरांकडून गोळ्या उकळते. बिशपला कुरवाळते, मग मामंजी तिला नळाकडे पिटाळतात, तेव्हा म्हणते, आजोबा, तुमच्या नखांत काय आहे ते आधी दाखवा.

बाकी सगळं क्षेम. पत्राचं उत्तर लगेच धाड.

तुझी ताई,
पिरिहिरा

ता. क. डॉक्टरांनी सांगितलंय की घरातल्या सगळ्यांनी छातीचा आणि पोटाचा एक्स-रे फोटो काढून घ्यावा. एरुएरा जाऊन आले. मामंजी लग्नातला कोट घालून गेले. दोघांतही काही नाही. तू आणि मी बाबांच्या कुत्र्यांबरोबर एकाच अंथरुणात वाढलो, तेव्हा तूही फोटो काढ.

आणखी एक. मी अजून गेलेले नाही. एकदा गाय व्यायली, मग रताळी काढायची होती. उजव्या बरगडीखाली हिवाळ्यापासून काहीतरी जड लागतंय. हे एरुएरांना सांगितलेलं नाही, कारण दुरुस्त करायला कुंपण उरलेलं नाही. तू रजा काढून ये आणि मला गिस्बर्नला घेऊन जा. मी नको म्हणेन, कारणं सांगेन, ती चांगली कारणं असतील. ऐकू नकोस.