ठकामावशीचा हात चुकला नव्हता

माझ्या ठकामावशीला,
गोदीचा पाया पडून रामराम.

तुला अक्षरओळख नव्हती, आणि आता तर तूच राहिली नाहीस. मग ही बया कागद कुणासाठी काळा करतेय, असं म्हणशील. अगं, जे सात वर्षं तोंडातून निघालं नाही ते हातानं तरी निघतंय का बघते. बापानं धूळपाटीवर अक्षरं गिरवून घेतली ती आज कामाला आली.

परवा तुमची मेंढरं आली. बाजरी निघाली की तुम्ही येणार हे ठरलेलंच, म्हणून मी ओढ्याकडं पळत गेले. तर तळावर तू नाहीसच! तुझी सून बायजा चुलीशी होती. मला बघून उठली आन म्हणाली, "सासूबाई आखाडातच गेल्या, वयनी. कड्याच्या अलीकडं, वाटंवरच." मी तिथंच मातीत बसले. आखाडापासून तू नाहीस आणि मी इकडं रोज तुझ्यासाठी शेंगा राखून ठेवत होते!

मग बायजानं एक विचारलं. "वयनी, लोक माझ्या हातचा औषधाचा पाला घेत न्हाईत. मला म्हणतात, तुझ्या सासूनं बाई भाजली. खरंच सासूबाईंचा हात चुकला व्हता का?"

मी पदर तोंडाला लावून माघारी आले.

मावशे, तुला आठवतं का माझी ती अवस्था? धाकट्याच्या बाळंतपणानंतर बोटं अशी सुजली होती की मूठ मिटेना. सकाळी उठले की हात लाकडागत. जात्याचा खुंटा धरवत नव्हता, भाकरी थापायला गेले की डोळ्यांतून पाणी. आमच्या घरात नऊ माणसं खाणारी, आणि सून अशी! बीडच्या हकिमाकडं नेलं, त्यानं गोळ्या दिल्या, चार दिवस बरं वाटलं आन पुन्हा तेच.

आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, एके दिवशी माझ्यादेखत मालकांना म्हणाल्या, "हिच्या हातात आता काय राम न्हाई. माझ्या भावाची पोर हाय लगनाची. आणू का?" मालक खाली मान घालून बैलाला पेंड चारत राहिले. नाही म्हणाले नाहीत. त्या दिवशी मला कळलं, की माझं नांदणं माझ्या दहा बोटांवर आहे.

आणि त्याच मार्गशीर्षात तुमची मेंढरं आमच्या रानात बसली. खळ्यावर तू माझा हात धरलास, बोटं एकेक दाबून बघितलीस आणि वसकन ओरडलीस, "कावून लपवतीस गं? वात हाय ह्यो. चोरी केलीस व्हय?"

हसू का रडू कळेना मला.

दुसऱ्या दिवशी सांजेला तू मला ओढ्याच्या निर्गुडीजवळ नेलंस. दोन तांदळाचे दाणे बुडाशी टाकलेस आणि त्या झाडाला म्हणालीस, "उद्या येते गं बाई, पोरीचं दुखणं हाय, चल आमच्या संगं." न सांगता पाला ओरबाडला तर गुण येत नाही म्हणायचीस. मला तर वाटलं, म्हातारीला लागलंय खूळ! पण तू पाहुण्याला बोलवावं तसं बोलवलंस, आणि दुसऱ्या दिवशी हात जोडून पाला तोडलास.

उकळत्या पाल्याच्या वाफेत रोज माझे हात धरून बसायचीस. मग सुंठ आणि एरंडमुळीचा काढा. काय कडू गं तो! सालईचा डिंक कुटून तेलात खलून चोळायचीस. आणि बिब्बा. तो मात्र तू स्वतःच्या हातानं. सुईला टोचून दिव्यावर धरायचा, एकच थेंब वाटीभर तुपात, ओठांना आधी तूप लावायचं. मीठ बंद, आंबट बंद, उन्हात जायचं नाही. मी म्हणाले, "मला शिकव की मावशे." तर म्हणालीस, "बाकी समदं शिक. बिब्बा न्हाई. दोन वरसं नुसतं बघ, मग हात लाव. लई आगाऊ हायस तू."

पौषाच्या शेवटी माझी मूठ मिटली! भाकरी थापली तर पहिली वाकडीतिकडी, दुसरी गोल. मी त्या दिवशी जात्यावर पायली दळली, आणि आत्याबाईंनी भावाच्या पोरीचं नाव पुन्हा काढलं नाही. तुला लुगडं द्यायला आले तर तू हात झटकलेस. औषधाचं काही घ्यायचं नसतं, गुण जातो. मग मी काय देणार होते तुला? काहीच दिलं नाही. उलट घेतलंच.

आता ते लिहायला हवं.

तू पुढच्या गावाला गेलीस आणि मी शेफारले. बाया मला हात दाखवायला येऊ लागल्या. पाला उकळून देत होते तोवर ठीक होतं. चैत्रात आत्याबाईंचा डावा गुडघा धरला. त्या सुनेच्या हातचं औषध घेतील? छे! म्हणून मी थाप मारली, "ठकामावशीनं खास तुमच्यासाठी देऊन ठेवलंय." आणि बिब्बा काढला. एक थेंब नाही, चार बिब्ब्यांचं तेल, तूप न घालता, चैत्राच्या त्या उन्हात, सरळ गुडघ्यावर चोळून वर एरंडाचं पान बांधलं. मला वाटलं, जेवढं जास्त तेवढा गुण लवकर.

बिब्बा उतला. मांडीपर्यंत फोड, अंगात ताप, म्हातारी तळमळतेय. आणि त्याच दुपारी माघारी जाताना तुमची मेंढरं गावात आली. तू आधी कुणाला काही विचारलं नाहीस. "खोबरं अन् तीळ वाट, बघत काय बसलीस!" एवढंच म्हणालीस. सगळा लेप तूच लावलास, तीन दिवस उशाला बसलीस, आत्याबाईंना खोबरं चघळायला लावलंस. ताप उतरला.

मग पारावर पाटलांनी तुला बोलावलं. "बाईला काय दिलंस?" तू माझ्याकडं बघितलंस. मी आत्याबाईंच्या मागं उभी होते, मी पदर पुढं ओढला. तू म्हणालीस, "व्हय पाटील, माझा हात चुकला. थेंब जास्ती पडला."

त्या दिवसापासून तुमच्या मेंढरांना आमचं शिवार बंद झालं. ओढ्याच्या पल्याड उतरा, म्हणाले.

मी तुला चोरून भेटायला आले तेव्हा रागानंच विचारलं होतं ना, का घेतलंस अंगावर? अजून तो राग आहे माझा! तू मेंढीच्या पायातला काटा काढत होतीस. वर न बघता म्हणालीस, "मला काय, आज हितं, उद्या तिथं. तुला हितंच नांदायचंय, पोरी."

मावशे, त्यानंतर सात वर्षं मी नांदले. पोरं वाढली, मालक मऊ बोलतात, शेजारणी मला विचारून कामं करतात. हे सगळं तुझ्या त्या एका वाक्यावर. आणि तू मात्र दर साली पल्याड उतरत राहिलीस, माझ्यासाठी सालईचा डिंक आणत राहिलीस, एकदासुद्धा टोचून बोलली नाहीस. बोलली असतीस तर बरं झालं असतं गं!

काल आत्याबाईंच्या पायांना तेल लावताना मी सगळं सांगून टाकलं. त्यांनी पाय मागं घेतला. मला वाटलं, आता उठून हाकलतील. मग म्हणाल्या, "तरीच. हात चुकलेली पळून जाती, ती बाई तीन दिस उशापासनं हलली न्हाई." आणि पाय पुन्हा पुढं करत, "मला सांगून काय व्हतंय? पारावर नाव खराब झालं, पारावरच सांग."

उद्या बाजारचा दिवस. पाटील असतील, चार गावची माणसं असतील. मी बायजाला ओढ्याच्या अलीकडं घेऊन येईन, तिच्या शेजारी उभी राहीन, आणि डोक्यावरचा पदर सांभाळत पण मोठ्यानं म्हणेन: बिब्बा मी लावला. हात माझा चुकला. ठकामावशीचा कधीच चुकला नाही. मग मला हितं नांदवायचं का नाही, ते ठरवू दे ज्याला ठरवायचं त्याला.

तुझ्या हातानं बरी झालेली,
गोदी