चार फुटांची रेघ

५ मे २००३, देवास
ताईकडे दोन दिवसांसाठी आलो होतो. आज एकविसावा दिवस. धारला परत जाऊन करायचं तरी काय? इथे माझी गरज आहे. भाऊजींची कंपनीत शिफ्ट, ऋजुता सात वर्षांची, मनन चारचा. घरात पुरुषमाणूस पाहिजे.
ऋजुताला सांगितलं की खलघाटला मी नर्मदा पोहून पार केली. (धरमपुरीच्या घाटावर पायरीवर बसून लोट्याने आंघोळ केली होती. नदी तीच.) बोलताबोलता शब्द देऊन बसलो: तू चार फूट झालीस की वॉटर पार्कच्या मोठ्या लाल घसरगुंडीवर मामा तुला घेऊन बसणार.
सध्या ती तीन फूट साडेअकरा इंच. अर्धा इंच म्हणजे सहा महिने तर कुठे गेले नाहीत. तोवर मी बागलीला किंवा कुठेही असेन.

८ मे
ऋजुता सकाळ-संध्याकाळ खिडकीच्या गजाला लटकते. दूध दोन ग्लास पिते, न रडता. हिला कोण शिकवतंय? ताईला विचारलं तर नुसती हसली. हसण्यात काहीतरी होतं.
संकल्प: उद्यापासून पहाटे मीठा तालाबला जाऊन पोहण्याची जुनी सवय ताजी करायची.

९ मे
निघालो होतो. वाटेत पोहे. तिथे एक भिया भेटला, त्याच्या साढूची मोटरसायकल टोंकखुर्दला विकाऊ आहे म्हणे. बघायला गेलो. इंजिन नव्हतं. तीनला घरी.
पोहणं उद्या.

११ मे
भाऊजींनी जेवताना सांगितलं: येत्या रविवारी सगळे वॉटर पार्क. माझं तिकीटही तेच काढणार.
हा माणूस मला लोणचं वाढतानासुद्धा विचार करतो. मग हे अचानक काय? तिथे एकट्या पुरुषांना सोडत नाहीत, फॅमिली लागते. म्हणजे मी त्यांच्याशिवाय जाऊ शकत नाही. ते मात्र माझ्याशिवाय आरामात जाऊ शकतात. तरी नेतायत. का?

१५ मे
ऋजुताची उंची मी स्वतः मोजली. तीन फूट अकरा, असं जाहीर केलं. तिने टेप हातात घेऊन आकडा बराच वेळ पाहिला. मग टेप कपाटात ठेवून किल्ली ताईला दिली.
सात वर्षांची मुलगी. इतका संशयी स्वभाव बरा नव्हे.
तालाबला गेलो होतो. पाण्याला वास येत होता. तब्येत आधी.

१८ मे, रविवार, दुपारी १, वॉटर पार्क, लिंबाच्या सावलीत
भाऊजी व्हॅन लावायला गेले, ताई मननला घेऊन बाथरूम शोधायला. तिकिटाच्या रांगेत मी आणि ऋजुता. खिडकीजवळ लोखंडी खांब, त्यावर चार फुटांची रेघ. रेघेच्या खाली हाफ तिकीट, मनगटाला निळा पट्टा. वर फुल तिकीट, लाल पट्टा. निळ्या पट्ट्याला मोठी घसरगुंडी बंद.
ही रेघ मला चार फुटांची वाटली नाही. कुणीतरी खाली रंगवली आहे. ऋजुता अगदी टेकत होती.
अशा वेळी डोकं चालवावं लागतं. हळूच म्हटलं, जरा गुडघ्यात वाक, बाबांचे पैसे वाचतील. ती म्हणाली, आणि घसरगुंडी? मी म्हटलं, आत गेल्यावर बघू. फ्रॉक लांब होता. वाकली. निळा पट्टा.
हे मी केवळ भाऊजींसाठी केलं.
ती आता बेबी पूलमध्ये मननशेजारी उभी आहे. पाणी तिच्या घोट्यापर्यंत. माझ्याकडे बघत नाही.

दुपारी ३
घात. ऋजुता भाऊजींना हात धरून गेटवर घेऊन गेली, खांबाला ताठ उभी राहिली आणि रेघेच्या वर निघाली. भाऊजींनी उरलेले पैसे भरले. मला रागावले नाहीत. एवढंच म्हणाले, "योगू, चढ आता. पोरीने दोन आठवडे वाट पाहिली."
एवढ्या थोडक्यात कुणी बोलत नाही. सगळे आतून मिळालेले आहेत.

संध्याकाळी ७, घरी
बहात्तर पायऱ्या. ओल्या होत्या म्हणून एकेक मोजत चढलो. वरच्या माणसाने सांगितलं, भिया, बच्ची को आगे बिठाओ. खाली पाहिलं. ताई अंगठ्याएवढी. मला आठवलं की मननजवळ कुणीतरी हवं. मागून आवाज आला, दर्शन करने आए हो क्या, जल्दी करो. रांग हसली. मी दोन्ही हातांनी रेलिंग धरलं होतं, वारा फार होता.
ऋजुता मागे वळली. मला वाटलं रडेल. तिने माझ्या कानाशी येऊन सांगितलं, "मामा, तू पण गुडघ्यात वाक ना. मग तुला निळा पट्टा देतील आणि खाली जाऊ देतील."
पायऱ्यांनी उतरलो. चढणारे सगळे बाजूला होऊन वाट देत होते, त्यांचं वागणं मला संशयास्पद वाटलं.
ताई पंजाबी ड्रेसवर वर गेली. दोघी किंचाळत खाली आल्या. ताईला भीती वाटत नाही, हे मला कुणीच सांगितलं नव्हतं.

१९ मे, सकाळी
लाल पट्टा मनगटावरून निघत नाही. कैचीनेही नाही.
ऋजुताने मला दाराच्या चौकटीला उभं केलं. तिची नवी रेघ काढून झाली होती. मी ताठ उभा राहिलो. ती म्हणाली, वाक. वाकलो. अजून. अजून वाकलो. मननच्या रेघेशी आल्यावर तिने पेन्सिल टेकवली, माझं नाव लिहिलं आणि सांगितलं की पुढच्या वेळी मी बेबी पूलमध्ये बसायचं, मनन माझा हात धरेल.
मननला विचारलं. तो म्हणाला, धरेन.