ब्रशाचं टोक

अकोला, मंगळवार, २५ एप्रिल १९६१

उजवं मनगट आजही उचललं गेलं नाही. डॉक्टरांनी हिरड्यांवरची निळी रेघ पाहून विचारलं, "सफेद्यात, या पांढऱ्या रंगात, शिसं असतं. त्याच्याच विषानं मनगट पडतं. ब्रश तोंडात घालता काय?"

घालतो. ओठांत ओढल्याशिवाय टोक बारीक होत नाही, त्याशिवाय बुद्धाच्या मूर्तीचे डोळे जमत नाहीत. पण मनगट पडल्यापासून डोळे शेवंताच रंगवते. माझी बायको. पाचवा महिना चालू आहे तिला.

घरी येऊन सगळं सांगितलं. ओठांतला ब्रश काढून म्हणाली, "पुनव आइतवारी हाये. लोकायले का बिना डोयाचे बुद्ध देऊ?"

तिच्या हिरड्या पाहू का? धीर होत नाही.

मग पाणी द्यायला उठली, पेला सुटला. "हात ओला होता," म्हणाली.

मी हात धरून पाहिला. कोरडा होता.